पाहुण्यांना यानाका दाखवायचंय? मग जरा कमी दाखवा

कोणी लोकलमध्ये उभं राहून ऐकत असेल, कोणी भांडी घासता घासता. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा अख्खा भाग लिहून इथे टाकतोय. बोलल्यासारखाच लिहिलाय, त्यामुळे व्याकरणावरून रागावू नका.

आजचा विषय खूप जणांनी मेसेज करून मागितला होता. "टोकियोला येतोय, पहिलीच वेळ आहे, जुनं जपान कुठे बघायला मिळेल?" असं येणारे विचारतात. आणि इथे नोकरी करणारे आपले लोक विचारतात, "आई-बाबा येतायत, शिबुया आणि स्कायट्री झालं की पुढे काय दाखवू?" या दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच असतं. यानाका. टोकियोतली जुनी वस्ती. मी ऑफिसातून कोड लिहून सुटलो की शनिवार-रविवारी पायी भटकतो, आणि गेल्या चार वर्षांत घरचे, कॉलेजचे मित्र, मित्रांचे काका-काकू असे बरेच जण मी या गल्ल्यांतून फिरवून आणलेत.

पण आज नुसती ठिकाणांची यादी देणार नाही, ती रील्सवर मिळते. मला सांगायचंय ते हे, की जिथे लोक आजही राहतात ती वस्ती पाहुण्यांना दाखवायची कशी. देऊळ दाखवणं सोपं असतं, कारण तिथे तिकीट असतं, बोर्ड असतो, रांग असते. वस्तीत यातलं काहीच नसतं. तिथे कोणाचं तरी दार असतं, दोरीवर वाळत घातलेले कपडे असतात, आणि मधून आपण कॅमेरा घेऊन चाललेले असतो.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय मजा नाही

पाहुणे यानाकात आले की पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न हमखास विचारतात. "यात बघण्यासारखं काय आहे?" प्रश्न रास्त आहे. दुमजली लाकडी घरं, दारात कुंड्या, सायकली, मधूनच एखादं मंदिर. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या पेठेत उभं राहिलं तर असंच काहीतरी दिसतं. म्हणून घरून निघायच्या आधी, ट्रेनमध्येच, मी त्यांना ही गोष्ट सांगतो.

टोकियो म्हणजे आधीचं एदो. 1625 मध्ये शोगुनच्या किल्ल्याच्या ईशान्येला, उएनोच्या टेकडीवर, कानएइजी नावाचं प्रचंड मोठं मंदिर बांधलं गेलं. ईशान्येलाच का? कारण जपानी समजुतीप्रमाणे ईशान्य ही भुताखेतांची दिशा, तिथून अनिष्ट आत येतं, म्हणून तिथे पहारा हवा. आपल्याकडे ईशान्य कोपरा देवघरासाठी राखून ठेवतात आणि इथे त्याच कोपऱ्याची भीती! हे ऐकलं की आमच्या सगळ्या काकू एकदम जाग्या होतात.

पुढे 1657 मध्ये एदोत भयंकर आग लागली. शहराचा मोठा भाग जळून गेला. नंतर शहराची फेरआखणी झाली तेव्हा मध्यवस्तीतली बरीच मंदिरं हलवून बाहेरच्या बाजूला, म्हणजे कानएइजीच्या मागे यानाकाच्या चढावर, आणली गेली. म्हणून आज एवढ्याशा भागात सत्तरच्या आसपास मंदिरं आहेत. मंदिरं आली तशी फुलवाले आले, दगड घडवणारे आले, चहाची दुकानं आली. वस्ती अशी उभी राहिली.

मग 1 सप्टेंबर 1923, कान्तोचा महाभूकंप. त्यानंतरच्या आगीत टोकियो आणि योकोहामा होरपळून निघाली, एक लाखाहून जास्त माणसं गेली. यानाकाचा मोठा भाग वाचला. मग मार्च 1945 मधली अमेरिकेची बॉम्बफेक. एका रात्रीत पूर्व टोकियो राख झालं, पुन्हा लाखाच्या घरात माणसं मेली. यानाकातही काही ठिकाणी बॉम्ब पडले, पण बरीचशी वस्ती उभी राहिली.

आता कळलं का बघण्यासारखं काय आहे ते? ज्या शहराचा मोठा भाग दोनदा जळाला, तिथे न जळलेला रस्ता बघायला आपण चाललोय. हे एवढं एक वाक्य आधी सांगितलं की साधं लाकडी घरसुद्धा माणूस थांबून बघतो.

कुठून कुठे चालायचं

बरेच जण यामानोते लाइनच्या निप्पोरी स्टेशनला उतरतात, पायऱ्या उतरून बाजारात जातात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात परत. मी उलटं करतो. चियोदा मेट्रो लाइनच्या नेझु स्टेशनला सुरुवात आणि निप्पोरीला शेवट. म्हणजे संध्याकाळी नेमकं सूर्यास्ताच्या वेळी त्या प्रसिद्ध पायऱ्यांवर पोचता येतं. निशी-कासाईत राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे सोयीचंही आहे. तोझाई लाइनने ओतेमाचीला या आणि तिथे चियोदा लाइन पकडा, संपलं. दुपारी एकच्या सुमारास सुरू करा. अंतर थोडंच आहे, तीनेक किलोमीटर, पण चढ-उतार आहेत आणि पाहुण्यांच्या पायांत आधीच तीन दिवसांची दमणूक असते.

पहिला थांबा नेझुचं शिंतो मंदिर. पाचव्या शोगुनने, त्सुनायोशीने, 1706 मध्ये बांधलेलं. त्या वर्षी औरंगजेब अजून दख्खनमध्येच अडकून पडला होता, एवढं सांगितलं की आपल्या लोकांना काळ लगेच समजतो. मुख्य इमारती तेव्हाच्याच आहेत. बाजूला लाल तोरी कमानींची लांब रांग आहे, क्योतोतल्या फुशिमी इनारीची धाकटी बहीण म्हणा. एप्रिलमध्ये आलात तर अझेलियाच्या झुडपांनी सगळी टेकडी गुलाबी झालेली असते, मात्र तेव्हा गर्दीही तितकीच.

तिथून परत फिरून कोतोतोइ रस्त्याने चढ चढला की कोपऱ्यावर कायाबा कॉफी दिसते. 1916 चं लाकडी घर आणि त्यात 1938 पासून चाललेलं कॅफे. मालकीणबाई गेल्यावर 2006 मध्ये बंद पडलं होतं. जुन्या घरांसाठी काम करणाऱ्या स्थानिक लोकांनी हालचाल केली आणि 2009 मध्ये ते पुन्हा उघडलं. अंड्याचं सँडविच प्रसिद्ध आहे. वरच्या मजल्यावर तातामी म्हणजे गवती चटयांवर बसायची सोय आहे. गुडघे दुखणाऱ्यांना खालीच बसवा.

जवळच एक जुनं सार्वजनिक स्नानगृह आहे. बाहेरून अजून तसंच, कौलारू छप्पर, उंच धुराडं. आत गेलात तर आंघोळ नाही, आधुनिक चित्रकलेची गॅलरी! स्काय द बाथहाऊस, 1993 पासून. पाहुण्यांना इथे मी आधी काहीच सांगत नाही, सरळ आत नेतो.

देवदार

आता पुढचं ठिकाण माझं सगळ्यात आवडतं. गल्लीतून चालत गेलं की एक तिठा लागतो. त्याच्या टोकाशी छोटंसं जुनं बेकरीचं दुकान, आणि दुकानाच्या डोक्यावर छत्री धरल्यासारखं एक अवाढव्य झाड. जपानी लोक त्याला हिमाराया-सुगी म्हणतात. हिमाराया म्हणजे हिमालय. म्हणजे आपला देवदार! पूर्वी दुकानाच्या मालकांनी कुंडीत लावलेलं रोप वाढत वाढत एवढं झालं, असं सांगतात. आज ते यानाकाची ओळख आहे. आसपासची जमीन विकली गेली तेव्हा झाड जाणार की काय अशी भीती निर्माण झाली, आणि ते वाचवायला इथल्या रहिवाशांनी सह्यांची मोहीम चालवली.

मी नेलेल्या पाहुण्यांपैकी निम्म्यांना संध्याकाळी विचारलं, "आज सगळ्यात काय आवडलं?" तर उत्तर देवदार. कुठल्याही टॉप टेनच्या यादीत हे पहिलं नसतं. पण हिमालयातलं झाड टोकियोतल्या एका कुंडीत रुजतं आणि परक्या गल्लीतले लोक त्याच्यासाठी उभे राहतात, हे परदेशात राहणाऱ्या माणसाला कुठेतरी लागतं. त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

स्मशानात फिरायला नेतोस?

हो, नेतो. आईने पहिल्यांदा हाच प्रश्न विचारला होता. यानाकाचं दफनस्थान 1874 पासून सार्वजनिक आहे. मधून चेरीच्या झाडांचा रस्ता जातो, मुलं सायकलवरून क्लासला जातात, आजोबा कुत्र्याला फिरवतात. आपल्याकडे स्मशान गावाबाहेर असतं, इथे ते वस्तीच्या मधोमध आहे. आत शिरताना मी एवढंच सांगतो की आवाज खाली, आणि कबरींवर टेकायचं नाही.

इथे एक खेळ करा. पाहुण्यांना खिशातली दहा हजार येनची नवी नोट काढायला सांगा, जुलै 2024 मध्ये आलेली. तिच्यावर जे गृहस्थ आहेत ते शिबुसावा एइइची. शेतकऱ्याच्या घरात जन्मले, शेवटचा शोगुन तोकुगावा योशिनोबु याच्या पदरी नोकरीला लागले, पुढे जपानची पहिली आधुनिक बँक काढली आणि पाचशेच्या आसपास कंपन्या उभारण्यात हात लावला. त्यांची कबर इथेच आहे. आणि त्यांच्या धन्याची, योशिनोबुचीही इथेच, अर्धगोलाकार दगडी ढिगासारखी, कुंपणापलीकडे. 1867 मध्ये याने सत्ता सोडली. पुढचं आयुष्य त्याने शिकार, फोटोग्राफी आणि सायकल चालवण्यात घालवलं. आम्ही तिथे उभे असताना एक मित्र म्हणाला, "म्हणजे याने वेळेत रिटायरमेंट घेतली!" थोडक्यात बरोबर आहे.

थोडं पुढे एक मोकळी चौकोनी जागा लागते. नुसते पायाचे दगड. इथे पाच मजली लाकडी पॅगोडा होता, चौतीस मीटर उंच. 1772 मध्ये जळला, 1791 मध्ये पुन्हा बांधला. भूकंपात टिकला, युद्धात टिकला. आणि जुलै 1957 मध्ये एका जोडप्याने त्यात पेटवून घेऊन आत्महत्या केली, त्यात तो गेला. पुन्हा बांधला नाही. पाहुणे या रिकाम्या जागेचा फोटो सहसा काढत नाहीत, पण इथे थोडा वेळ गप्प उभे राहतात. दाखवायला काही नसलेली जागासुद्धा दाखवायची असते, हे मी इथे शिकलो.

इथून मग मातीच्या भिंतीकडे वळा. कान्नोनजी मंदिराची ही भिंत माती आणि कौलांचे थर एकावर एक रचून केलेली आहे. जुन्या मातीच्या भिंती बघितलेल्या आमच्या एका काकांनी हात न लावता पाच मिनिटं ती न्याहाळली आणि मला थर कसे दिले असतील ते समजावलं. गाईड मी होतो, माहिती त्यांनी दिली!

चार वाजायच्या आत असाकुरा शिल्पसंग्रहालय गाठा. शेवटचा प्रवेश चारला असतो, आणि सोमवारी व गुरुवारी बंद. शिल्पकार असाकुरा फुमिओ यांनी 1935 मध्ये पूर्ण केलेलं घर. पुढे काँक्रीटचा उंच स्टुडिओ, मागे लाकडी जपानी घर, मधोमध पाण्याची बाग, गच्चीवर झाडं. मांजरांची शिल्पं तर इतकी जिवंत की हात पुढे जातो. पण त्यांचं 1910 चं एक शिल्प नक्की बघा. थडग्यांची राखण करणारा एक म्हातारा, हात मागे बांधून उभा. तो याच भागातल्या तेन्नोजी मंदिरातला माणूस. ज्या झाडांखालून आपण आत्ताच चालत आलो, तिथलाच. आणि हो, आत चपला-बूट काढायचे असतात, मोजे लागतात. पाहुण्यांना सकाळीच सांगून ठेवा, नाहीतर सँडल घालून आलेले लोक दारात अडतात.

पोटाचा प्रश्न

आता शेवटचा टप्पा. युयाके दानदान, म्हणजे सूर्यास्ताच्या पायऱ्या. हे नाव लोकांकडून मागवून ठेवलेलं आहे. पायऱ्यांच्या खाली यानाका गिंझा, पावणेदोनशे मीटरचा छोटा बाजार. मासेवाला, भाजीवाला, चहावाला, सँडलवाला, आणि आता पर्यटकांसाठी मांजराची चित्रं असलेलं सगळं काही.

सगळ्यात लांब रांग मेंची-कात्सुला असते. म्हणजे खिम्याचं तळलेलं कटलेट, बीफ आणि पोर्कचं. आपले पाहुणे वासावर बटाटावडा समजून रांगेत जातात, त्यांना आधीच थांबवा! शाकाहारी लोकांनो, जपानमध्ये खरी अडचण मांसाची नसते, दाशीची असते. दाशी म्हणजे वाळवलेल्या माशाचं पाणी, आणि ते भाजीत, सूपमध्ये, सॉसमध्ये, कशातही असू शकतं. पाठ करून ठेवा: "निकु तो साकाना वा ताबेमासेन", म्हणजे मांस-मासे खात नाही. आणि पुढे, "दाशी मो दामे देसु", दाशीही चालत नाही. समोरचा माणूस प्रामाणिकपणे "मग आमच्याकडे काही नाही" म्हणेल. वाईट वाटून घेऊ नका, तो तुमची काळजीच घेतोय.

मग खायचं काय? उन्हाळ्यात काकिगोरी, म्हणजे आपला बर्फाचा गोळा, पण राजेशाही थाटात. इथलं हिमित्सुदो नावाचं दुकान निक्कोहून आणलेला नैसर्गिक बर्फ हाताने फिरवायच्या यंत्रावर किसतं. रांग मोठी असते. हिवाळ्यात भाजलेलं रताळं, ते सगळ्यांना चालतं. आणि एक सवय लावून घ्या. विकत घेतलेलं दुकानासमोरच उभं राहून खायचं, कचरा त्याच दुकानात द्यायचा. चालत खात गेलं की गर्दीत कोणाच्या तरी कोटाला तेल लागतं, आणि रस्त्यावर कचऱ्याचे डबे नाहीत.

सूर्यास्त डिसेंबरमध्ये साडेचारलाच होतो, जूनमध्ये सातच्या आसपास. त्याप्रमाणे वेळ जुळवा. पायऱ्यांच्या मधोमध बसू नका. तिथून लोक भाजीच्या पिशव्या घेऊन घरी जात असतात.

आता मुद्द्याचं

मंडळी, इथपर्यंत आलात तर पुढची पाच मिनिटं नीट ऐका, कारण माझ्या मते खरा विषय इथे आहे.

ही वस्ती आग आणि बॉम्बमधून वाचली ते नशीब. पण त्यानंतर टिकली ती नशिबाने टिकली नाही. 1984 मध्ये मोरी मायुमी आणि तिच्यासोबत आणखी दोघींनी इथे एक छोटं मासिक सुरू केलं. तिघी इथल्याच, घरी लहान मुलं. म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन जुन्या आठवणी लिहून घ्यायच्या, छापायच्या आणि अंक दुकानादुकानांत नेऊन ठेवायचे. 2009 पर्यंत 94 अंक निघाले. यानाका, नेझु आणि सेन्दागि या तीन भागांना मिळून आज सगळे यानेसेन म्हणतात, ते नाव या मासिकामुळे लोकांच्या तोंडी बसलं.

दुसरं उदाहरण हागिसोचं. 1955 ची लाकडी चाळवजा इमारत. कला विद्यापीठाचे विद्यार्थी तिथे भाड्याने राहायचे. 2011 च्या भूकंपानंतर ती पाडायचं ठरलं. राहणाऱ्या मुलांनी म्हटलं, ठीक आहे, पण निरोप तरी नीट देऊ. 2012 मध्ये त्यांनी अख्ख्या इमारतीचंच प्रदर्शन भरवलं. एवढे लोक बघायला आले की मालकांनी विचार बदलला. 2013 पासून तिथे कॅफे आणि गॅलरी आहे. पुढे त्याच लोकांनी जवळच एक छोटं हॉटेल काढलं. तिथे राहणारा पाहुणा आंघोळीला वस्तीतल्या सार्वजनिक स्नानगृहात जातो, जेवायला वस्तीतल्या खाणावळीत. गाव हेच हॉटेल, अशी कल्पना.

पण सगळं असं गोड नाही. जवळच निप्पोरीत एक उतार आहे, फुजिमिझाका, म्हणजे फुजी दिसणारा उतार. टोकियोत या नावाचे बरेच उतार आहेत, पण फुजी खरंच नीट दिसायचा असा मध्य टोकियोतला हा शेवटचा. रहिवाशांनी खूप प्रयत्न केले. 2013 मध्ये दूरवर, दुसऱ्याच वॉर्डात एक उंच इमारत झाली आणि डोंगर दिसायचा बंद झाला. उतार अजून आहे, नाव अजून आहे, फुजी नाही.

आणि एक अवघड गोष्ट. ज्या अरुंद गल्लीला आपण "किती क्यूट" म्हणतो, ती अग्निशमन दलासाठी डोकेदुखी आहे. जपानच्या बांधकाम कायद्याप्रमाणे घरासमोर चार मीटर रुंद रस्ता हवा. कमी असेल तर नवं घर बांधताना मागे सरकावं लागतं, आणि काही जागांवर तर पुन्हा बांधायला परवानगीच मिळत नाही. कायदा चुकीचा आहे का? लाकडी घरं, दोन भिंतींत हातभर अंतर, आणि शहर भूकंपाचं. आजी-आजोबा गेले की वारसा कर येतो, तो भरायला जमीन विकली जाते, घर पडतं, गल्ली थोडी रुंद होते. एकेक घर करत वस्ती बदलते. यात कोणी खलनायक नाही. जतन करा म्हणणं आपल्यासारख्या पाहुण्यांना सोपं आहे, आगीत राहायचं त्यांना आहे.

मग आपलं काम काय? आपण तिथले मतदार नाही, मालक नाही. पण आपण कसे चालतो ते आपल्या हातात आहे. क्योतोतल्या गिओनचं काय झालं ते आठवा. गेइको आणि माइको, म्हणजे पारंपरिक नृत्य-गायन करणाऱ्या स्त्रिया, कामावर जाताना लोक त्यांच्यामागे फोन घेऊन धावायला लागले, किमोनोला हात लावायला लागले. 2019 मध्ये खाजगी गल्ल्यांत फोटो काढायला बंदी आली, दहा हजार येन दंडाचे बोर्ड लागले. 2024 मध्ये काही गल्ल्यांत पर्यटकांना प्रवेशच बंद झाला. दार बंद करावं लागणं ही त्या वस्तीची हौस नव्हती. यानाकात अजून दार उघडं आहे.

म्हणून मी पाहुण्यांना नेताना चारच गोष्टी पाळतो. तुम्हीही पाळून बघा.

एक, एका वेळी चार-पाचच माणसं. दहा माणसं म्हणजे मोर्चा. अरुंद रस्त्यावर एकामागे एक चाला, मागून सायकलवर मुलाला बसवून आई येत असते आणि ती घंटी वाजवायला संकोचते.

दोन, घर, कपडे, मुलं आणि कुंड्यांजवळ बसलेली माणसं यांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत. झाडाचा, भिंतीचा, आकाशाचा काढा की! शंका असेल तर स्वतःला विचारा, माझ्या आजीच्या ओट्याचा असा फोटो कोणी काढला तर चालेल का?

तीन, काहीतरी विकत घ्या. मांजराचं चुंबक घेतलंत तरी हरकत नाही, पण सोबत चहाची एक पुडी, एक सेन्बेई, म्हणजे भाजलेल्या तांदळाची कुरकुरीत चकती, असं जिथे इथले लोक घेतात तिथूनही घ्या. मासेवाल्याच्या जागी पर्यटकांसाठीचं चौथं दुकान आलं तर बघायला शिल्लक काय राहणार?

चार, कोणाशी नजर भेटली तर मान लववून "कोन्निचिवा" म्हणा. एवढंच. गेल्या वर्षी माझ्यासोबत आलेल्या मावशींनी दार झाडणाऱ्या एका आजींना असाच नमस्कार केला. भाषा दोघींनाही येत नव्हती. आजींनी कुंडीतली तुळशीसारखी दिसणारी शिसोची दोन पानं तोडून वास घ्यायला दिली, मावशींनी नाकाला लावली, दोघी हसल्या. मी भाषांतर करायला पुढे झालो आणि मावशींनी हाताने थांबवलं. "अरे, कळलंय आम्हाला."

शेवटचं सांगतो. पाहुण्यांना सगळं दाखवायची घाई करू नका. मी वर एवढी ठिकाणं सांगितली, त्यातली तीन गाळलीत तरी चालेल. पाय दुखले तर देवदारापाशी थांबा, पायऱ्या पुढच्या वेळी. पहिल्यांदा आलेल्या माणसाला शहर "पूर्ण" बघायचं असतं, आपण त्याला एक रस्ता नीट बघायला मदत केली तर पुष्कळ झालं.

तुमच्या गावात, तुमच्या पेठेत, वाड्यात बाहेरचे पाहुणे आले तर तुम्ही त्यांना काय दाखवता आणि काय मुद्दाम दाखवत नाही, ते मला व्हॉइस नोटने नक्की पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवीन. आणि येत्या महिन्यात कोणी टोकियोला येत असेल तर हा भाग त्याला पुढे ढकला. मोजे घालून या, सोमवार टाळा, आवाज जरा खाली.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, मंडळी!